सकाळी तोच टीव्ही मोठा का वाटतो?

वाचकाचं पत्र:

«आमचं घर मोठ्या रस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर आहे. इथे येऊन 5 वर्षं झाली. रात्री जड वाहनं गेली की मी दचकून जागी होते. दिवसभर चिडचिड होते. गेल्या वर्षापासून रक्तदाबही थोडा वर असतो. कानांची तपासणी केली, ती नॉर्मल आली. आता मी दिवसासुद्धा, घरात एकटी असले तरी, कानात प्लग घालून असते. माझे यजमान 20 वर्षं लाकूड कापायच्या कारखान्यात आहेत. ते म्हणतात, ‘माझ्याकडे बघ, मला सवय झाली. तू फार नाजूक आहेस.’ घरी आले की टीव्ही मोठ्याने लावतात आणि आम्ही काही बोललो की म्हणतात, तुम्ही पुटपुटता. गंमत म्हणजे रात्री त्यांनीच ठेवलेला आवाज सकाळी टीव्ही लावल्यावर त्यांनाच मोठा वाटतो आणि ते घाईघाईने कमी करतात. मुलगा 15 वर्षांचा आहे. रस्त्याकडच्या खोलीत कानात इअरफोन घालून अभ्यास करतो, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. सगळ्यांना सवय झाली, मलाच का होत नाही? दोष माझ्यात आहे का?»

(नाव छापू नये ही विनंती)

ताई,

दोष तुमच्यात नाही. तुमच्या घरात आवाजाचा त्रास तिघांनाही होतो आहे. तुम्हाला तो जाणवतो, त्यांना जाणवत नाही, एवढाच फरक आहे.

टीव्हीचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते गंमत म्हणून लिहिलंत. कानांच्या तपासण्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. टीव्ही तोच, खोली तीच, आवाजाचा आकडा तोच. मग रात्री पुरेसा वाटणारा आवाज सकाळी मोठा का वाटतो? कारण रात्रीत कान बदललेला असतो. यजमान संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांचे कान बधिर झालेले असतात. रात्रभराच्या विश्रांतीने ते थोडे सावरतात आणि सकाळी खरं काय ते ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखाना.

आत काय घडतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला त्यांच्याशी बोलता येईल. कानाच्या अगदी आत, वाटाण्याएवढ्या जागेत, गोगलगाईच्या शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे 15,000 केसपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिशय बारीक तंतूंचा झुबका असतो. आवाज आला की नळीतला द्रव हलतो, झुबके लवतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठा आवाज तासन्‌तास चालू राहिला की हे झुबके ढिले पडतात, पेशी थकते. उसंत मिळाली तर ती पुन्हा उभी राहते. वर्षानुवर्षं रोज हेच चाललं की काही पेशी मरतात. हाड सांधतं, जखमेवर नवी कातडी येते, पण माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा येत नाही. पक्ष्यांच्या कानात येते. आपल्याला ती देणगी नाही.

त्यातही 2009 साली एक काळजी वाढवणारी गोष्ट समोर आली. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांना काही वेळ मोठा आवाज ऐकवला. त्यांचे कान काही दिवसांत पूर्ववत झाले, तपासणीही नॉर्मल आली. पण आत पाहिलं तर उंच स्वरांच्या भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे निम्म्याच्या आसपास दुवे कायमचे तुटलेले होते. उंदराचं सगळंच माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मान्य. तरी ‘सकाळपर्यंत कान बरे होतात ना, मग काय बिघडलं?’ या म्हणण्याला तेव्हापासून आधार राहिलेला नाही.

आता पुटपुटण्याबद्दल. तुम्ही आणि मुलगा पुटपुटत नाही. आवाज किती उंच किंवा खर्ज आहे ते हर्ट्झमध्ये मोजतात. आवाजाने होणारं नुकसान बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या उंच पट्ट्यात, विशेषतः 4000 च्या आसपास, सुरू होतं. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, यापेक्षा बरेच खाली असतात आणि दणकट असतात. स, श, च, फ यांसारखी व्यंजनं मात्र उंच आणि नाजूक असतात. तुम्ही स्वयंपाकघरातून ‘सात’ म्हणता आणि त्यांच्यापर्यंत ‘आत’ पोहोचतं. आवाज आला हे त्यांना कळतं, शब्द कळत नाही. म्हणून त्यांना प्रामाणिकपणे वाटतं की आपण नीट ऐकतो, समोरचाच नीट बोलत नाही. बायकांचं आणि मुलांचं बोलणं आधी निसटतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की आणखी अवघड होतं. मग माणूस हळूहळू गप्प बसायला लागतो, घोळक्यात जायचं टाळतो आणि घरच्यांना वाटतं, वयानुसार स्वभाव बदलला.

तेव्हा ते ज्याला सवय म्हणतात, त्यातला बराचसा भाग हा कमी ऐकू येण्याचाच असावा. हे वाक्य त्यांना असंच ऐकवू नका, लागेल. पण तुम्ही स्वतः हे समजून घ्या आणि ‘मी नाजूक’ हे मनातून काढून टाका.

ही गोष्ट काही नवी नाही. 1886 साली ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरांनी बॉयलर बनवणारे 100 कामगार तपासले. लोखंडी टाकीच्या आत बसून रिव्हेट ठोकणारी ही माणसं. त्यांच्यातल्या एकाचेही कान नॉर्मल निघाले नाहीत. त्या कामगारांनाही आवाजाची ‘सवय’च झाली होती.

लाकूड कापायचं गोल पात्याचं यंत्र सहज 100 डेसिबलच्या आसपास जातं. डेसिबलचं माप सरळ चढत नाही, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने घालून दिलेला हिशेब असा: 85 डेसिबलमध्ये दिवसाचे 8 तास, 88 मध्ये 4, 91 मध्ये 2, आणि असं निम्म्या-निम्म्याने उतरत 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. मोजायचं यंत्र नसेल तर साधी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर तिथला आवाज 85 च्या आसपास किंवा वर आहे असं धरावं.

म्हणजे कारखान्यात कानांना संरक्षण हवंच. कापसाचा बोळा चालणार नाही, त्याने जवळजवळ काहीच अडत नाही. फोमचे प्लग किंवा कानांवर घट्ट बसणारे कप हवेत. फोमचे प्लग बहुतेक लोक चुकीचे घालतात, नुसते कानाच्या तोंडाशी टेकवून ठेवतात. आधी प्लग बोटांत फिरवून त्याची बारीक वळकटी करायची. मग दुसरा हात डोक्यावरून मागे नेऊन त्याच कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाच्या भोकाची बाहेरची नळी सरळ होते. वळकटी आत सरकवायची आणि फोम फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवायची. नीट बसला असेल तर स्वतःचं बोलणं पिंपात बोलल्यासारखं घुमतं. यजमानांना हे एकदा घरी करून दाखवा, निवांत वेळी.

आणखी एक हिशेब त्यांना सांगा, कामाचा माणूस आहे, पटेल. समजा एखादं साधन 30 डेसिबल रोखतं. 8 तासांच्या पाळीत ते एकूण अर्धा तास जरी काढून ठेवलं, तरी दिवसभराचं खरं संरक्षण 12 डेसिबलवर येतं. त्या उघड्या अर्ध्या तासात कानात जी ऊर्जा शिरते, तिच्यापुढे उरलेल्या साडेसात तासांची काळजी फिकी पडते. ‘मोठं यंत्र चालू असतं तेव्हा घालतो’ हे पुरेसं नाही.

आता तुमच्याकडे येते. तुमचे कान नॉर्मल आहेत आणि तरीही तुम्ही आजारल्यासारख्या झाला आहात, यात विसंगती काहीच नाही. आवाज शरीरात दोन वाटांनी त्रास देतो. एक वाट केसपेशींची, तिला मोठा आवाज लागतो. दुसरी वाट झोप आणि ताणाची. तिला त्याच्या निम्म्या आकड्याचा आवाजही पुरतो.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपेतही कान उघडाच असतो आणि मेंदूचा एक कोपरा पहारा देत असतो. पहाटे तीनला ट्रक गेला की तुम्ही दचकून उठता. यजमान उठत नाहीत. पण न उठणाऱ्याच्याही नाडीचे ठोके त्या क्षणी वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, झोप खोल पातळीवरून वर येते. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. ‘मस्त झोप लागली’ म्हणतो. वर्षानुवर्षं त्याच रस्त्यालगत झोपणाऱ्यांमध्येही नाडीची ही उडी पूर्णपणे थांबत नाही. सवय होते ती मनाला. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली दिलेल्या शिफारशीनुसार रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज दिवस-रात्र मिळून सरासरी 53 डेसिबलच्या खाली आणि रात्री 45 च्या खाली असावा. हे आकडे घराबाहेरचे आहेत. झोपायच्या खोलीच्या आत 30 पुरेत, असं त्यांनी 1999 सालीच सांगितलं होतं. 30 म्हणजे जवळच्या कुजबुजीएवढा आवाज. 53 च्या वर दर 10 डेसिबलमागे हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराचा धोका सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. 8 टक्के ऐकून घाबरू नका. तंबाखूच्या मानाने हे लहान आहे. पण तंबाखू सोडता येते, रस्ता सोडता येत नाही, म्हणून मला त्याची काळजी वाटते. तुमचा वाढलेला रक्तदाब रस्त्यामुळेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. तो डॉक्टरांकडून नियमित तपासून घ्या, आणि झोप मोडते हे त्यांना आवर्जून सांगा. रुग्ण सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, असं फार वेळा होतं.

चिडचिडीबद्दल एक प्रयोग सांगावासा वाटतो. 1970 च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना मध्येच, कधीही येणारा मोठा आवाज ऐकवला. त्यातल्या निम्म्यांना एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच आवाज सोसला. तरी नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडी सोडवताना त्यांनी चिकाटी जास्त दाखवली. माणसाला पोखरते ती हतबलता. आवाज कधी येईल ते माहीत नाही, थांबवणं हातात नाही, आणि तक्रार केली तर घरचेच नाजूक म्हणतात. तुमची स्थिती अशी बिनबटणाची आहे.

तेव्हा हातात काहीतरी घ्या. सगळ्यांत आधी पलंग हलवा. घरात मागच्या बाजूला एखादी खोली असेल, कितीही लहान असो, झोपायला तीच घ्या. तिथे घराचंच शरीर रस्त्याच्या आड येतं आणि याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही. ते शक्य नसेल तर खिडकीकडे बघा. किंचित उघडी खिडकी ढोबळमानाने 15 डेसिबल अडवते, घट्ट बंद होणारी 25 ते 30. फटीतून हवा येते तिथून आवाजही येतो. रात्री दिवा घालवून बाहेरचा उजेड चौकटीत कुठून डोकावतो ते बघा, त्या फटींना रबराची पट्टी लावा. जाड पडद्यांवर आणि भिंतीला चिकटवायच्या स्पंजवर पैसे घालवू नका. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, ट्रकची घरघर अडत नाही. पंख्याचा एकसुरी आवाज मात्र उपयोगी पडतो. शांततेतून एकदम उसळणारा आवाज झोप मोडतो, आणि मागे संथ आवाज असला की ती उसळी बोथट होते.

रात्री प्लग घालायला हरकत नाही, स्वच्छ ठेवा आणि वेळोवेळी बदला. दिवसाचे मात्र काढून टाका. हे थोडं कठोर वाटेल, पण साध्या घरगुती आवाजातही कान सतत बंद ठेवले तर मेंदू बारीक आवाजही मोठा करून ऐकायला लागतो आणि नंतर भांड्याचा आवाजही टोचायला लागतो. एकदम नको, रोज थोडा थोडा वेळ काढत जा. काही माणसं मुळातच आवाजाला जास्त संवेदनशील असतात. तो उंचीसारखा, रंगासारखा एक गुण आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

मुलाचं मला समजतं. त्याने रस्त्यावर उपाय म्हणून इअरफोन शोधला. पण रस्त्याचा आवाज झाकायचा तर इअरफोनचा त्याहून वर न्यावा लागतो, आणि तो वर कधी गेला ते कळतही नाही. मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि मुलांसाठी 75, अशी मर्यादा आरोग्य संघटनेने 2019 साली आखली आहे. बऱ्याच फोनमध्ये हा आठवड्याचा हिशेब दिसतो, त्यालाच बघू द्या. आवाजाची पातळी शांत खोलीत ठरवायची आणि बाहेर गोंगाट वाढला तरी तिला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ झालं. कान झाकणारे, बाहेरची घरघर कापणारे हेडफोन असतील तर आवाज खाली ठेवणं सोपं जातं. पण खरा उपाय अभ्यासाचं टेबल मागे नेण्याचा. न्यूयॉर्कमध्ये आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 साली एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या एका बाजूने उन्नत मार्गावरून रेल्वे जायची. त्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, सहावीपर्यंत जवळजवळ वर्षभराने. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली, आणि 1981 च्या पाहणीत हा फरक नाहीसा झाला होता. शाळा तीच, फक्त आवाज कमी झाला होता.

यजमानांना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं म्हणून सुरुवात करू नका. टीव्हीजवळ एक कागद चिकटवा. संध्याकाळी त्यांनी ठेवलेला आवाजाचा आकडा लिहायचा, सकाळी त्यांनी कमी करून आणलेला आकडा शेजारी लिहायचा. दोन आठवडे. सुट्टीच्या दिवसाचे आकडे वेगळ्या रंगाने लिहा. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्यांशी माणूस वाद घालत नाही.

मग त्यांची तपासणी करून घ्या, आणि ती कामावरून परतताना नको. आदल्या दिवशीचा बधिरपणा उतरलेला असावा म्हणून निदान 14 तास कान शांत राहिले पाहिजेत, त्यामुळे सुट्टीनंतरची सकाळ उत्तम. तपासणाऱ्यांना कारखान्याचं काम सांगा, आणि गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणीही करता येईल का ते विचारा. ते कोणती औषधं घेतात तेही सांगा, कारण काही प्रतिजैविकं आणि कर्करोगावरची काही औषधं कानांना मारक असतात.

एका गोष्टीला मात्र कागद, आकडे, सुट्टी कशाचीही वाट बघायची नाही. घरात कुणाचाही एक कान अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, बसला तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. मळ असेल, सर्दी असेल म्हणून थांबू नका. त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. दोन आठवडे उलटले की त्याचा उपयोग फार कमी उरतो.

तपासणीचा आलेख हातात आला की 4000 च्या रेषेवर बघा. आवाजाने झालेलं नुकसान असेल तर आलेख बहुधा तिथे खड्ड्यासारखा खाली जातो आणि 8000 कडे पुन्हा थोडा वर येतो. तसा खड्डा दिसला तर मला कळवा, टीव्हीचे आकडेही सोबत पाठवा. आणि पलंग हलवल्यावर पहिल्या आठवड्यात कितीदा जाग आली, तेही लिहा.